चढ्या सुराची कॅसेट

प्रफुलनं ती पाटी काउंटरवर ठेवली, तेव्हा मी आधी ती तळहातावर घेऊन तिचं वजन बघितलं. सवय आहे. जुन्या कॉम्प्युटरांच्या धंद्यात केस पांढरे झाले. कुठलीही सर्किटची हिरवी पाटी हातात आली की तांबं किती आणि सोनं किती हे बोटं आपोआप सांगतात. ही पाटी पोस्टकार्डाएवढी, हलकी. मधोमध एक काळी चौकोनी चिप, तीही अंगठ्याच्या नखाएवढी.

"यात काही नाही," मी म्हटलं. "भंगारवालासुद्धा उचलणार नाही."

"आत्ता नाहीच काही, काकू. कोरी आहे ना ती."

प्रफुल वर्ध्याकडचा. नोकरी हिंजवडीत, पण शनिवार-रविवारी माझ्या दुकानात पडीक. जुने कीबोर्ड, जॉयस्टिक, कुणी हुंगणार नाही अशा वायरी, असलं काय काय उचकटून काढतो आणि भाव करताना चेहरा असा करतो, की मी त्याच्या घरावर जप्ती आणली आहे. त्याचा खरा डोळा माझ्या वरच्या फळीवरच्या पिक्चर ट्यूबच्या चौदा इंची टीव्हीवर होता. तो मी देत नव्हते. का देत नव्हते, हे मलाही सांगता आलं नसतं.

"कोरी म्हणजे?"

"म्हणजे तिला स्वतःचा स्वभावच नाही. आत विजेची लाखो बारकी बारकी फाटकं, गेट, आहेत, पण एकमेकांना जोडलेली नाहीत. वीज दिली की आपण सांगायचं, आज तू अमुक आहेस. मग आतली जोडणी तशी होते आणि ती तो कॉम्प्युटर होऊन बसते. उद्या दुसरं सांगा, दुसरा होते."

"म्हणजे नक्कल."

"नाही ना जी!" तो चिडला. मला बरं वाटलं, चिडणारी माणसं मला समजतात. "नक्कल करते सॉफ्टवेअर. ते म्हणजे नटानं राजाचे कपडे घालणं. हे तसं नाही. यात आतून राजाच तयार होतो. जुन्या मशीनमध्ये जी तार जिथून जिथे जात होती, ती इथेही तिथूनच जाते."

त्यानं पाटीला माझ्याच दुकानातला एक स्क्रीन जोडला, एक कीबोर्ड खोचला, आणि लॅपटॉपवरून काहीतरी सोडलं. क्षणभर काळोख. मग निळसर पडद्यावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, एक लहानसा चौकोन लुकलुकायला लागला.

मी स्टूल ओढून खाली बसले. तो चौकोन मी ओळखला. माणूस चालीवरून ओळखावा, तसा त्याच्या लुकलुकण्यावरून.

*

पुण्यात कसबा पेठेत, तांबटांच्या कारखान्याच्या वर, एका लांबट खोलीत सरांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. सर म्हणजे शाळेतली गणिताची नोकरी सोडून बसलेले एक गृहस्थ. नाव मोठं, मशीन एकच. घरगुती कॉम्प्युटर म्हणायचे त्याला. रबरी बटणांचा एक डबा, त्याची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात, दुसरी वायर टेपरेकॉर्डरमध्ये. कॉम्प्युटरला आठवण अशी नव्हतीच. वीज गेली की सगळं गेलं. जे जपायचं ते कॅसेटवर, गाणं भरावं तसं भरून ठेवायचं.

माझी आई मंडईत पालेभाजी विकायची. फी भरण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून मी सरांशी सौदा केला. खोली मी झाडीन, माठ मी भरीन, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला मी रांगेत लावीन, आणि सगळे गेल्यावर मशीनवर मी बसेन. सतरा वर्षांची होते. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "हात धुऊन बसायचं. बटणांना कोथिंबिरीचा वास लागता कामा नये." एवढंच. हो नाही, बरं नाही.

त्या खोलीचा वास मला आजही जसाच्या तसा येतो. तापलेल्या पिक्चर ट्यूबवर बसलेल्या धुळीचा, डाग देतात त्या कथलाचा, आणि फरशीच्या फटींतून वर येणारा खालच्या कारखान्याचा. चिंचेनं भांडी घासल्याचा आंबूस वास, आणि कल्हईच्या दिवशी नवसागराचा पांढरा धूर. तो वर आला की टीव्हीतला चौकोन धुक्यातल्या दिव्यासारखा दिसायचा. आणि आवाज! पातेल्यांवर, घागरींवर, बंबांवर हातोडे. एका लयीत चार-पाच माणसं ठोकत असायची. बोलायचं तर त्या दोन ठोक्यांच्या मध्ये. आमच्या क्लासातली सगळी मुलं पुढे जन्मभर तुटक बोलत राहिली असणार.

पण ठोका पडला की जमीन हलायची, जमीन हलली की टेपरेकॉर्डर अडखळायचा आणि कॅसेटवर भरलेलं सगळं वाया जायचं. म्हणून एक रीत पडून गेली होती. दुपारी खाली चहा यायचा आणि हातोडे थांबायचे. त्या तेवढ्या शांततेत आम्ही दिवसभराचं काम कॅसेटवर उतरवायचो. रांग लागायची. कुणाचा खेळ, कुणाचे पाढे, कुणाचं नुसतंच नाव. मग एक लांब शिट्टी, स्वच्छ, एका सुरातली. त्या शिट्टीमागून करकर, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. कॉम्प्युटर आपलं मन मोकळं करतोय, असं मला वाटायचं. खालचे म्हातारे तांबट, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बशीतला चहा संपवून ओरडायचे, "मास्तर, झालं का तुमचं?" आणि सर वरून, "थांबा हो, एक मिनिट!" त्या मिनिटात किती चहा पिऊन व्हायचे!

सगळ्या पेठेत हातोडा थांबवून लोक फक्त आमच्यासाठी थांबायचे, हे तेव्हा काही विशेष वाटलं नाही. आज वाटतं. आज शेजारचा दुकानदार ड्रिल थांबवायला तयार नसतो.

*

त्या मशीनला इंग्रजी सोडून काही येत नव्हतं. मला ते खटकायचं. मी सरांना विचारलं, "याला मराठी का येत नाही?" सर म्हणाले, "आपण शिकवली नाही म्हणून."

मग मी शिकवली.

अक्षर म्हणजे आठ घरं रुंद आणि आठ घरं उंच असा चौकोन. कुठलं घर पेटवायचं आणि कुठलं विझवायचं हे आपण ठरवायचं, त्याचे आकडे करायचे, आकडे मशीनला सांगायचे. मंडईत आईच्या शेजारी, ओल्या गोणपाटाआड बसून मी आलेखाच्या कागदावर घरं काळी करायचे. मेथीचे देठ, पालकाची माती, वरून टपटपणारं पाणी, आणि माझ्या मांडीवर अ. आई गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता डोकावायची. "काय गं ते? भरतकाम?"

"हो. टीव्हीवरचं."

"मग उशी नको करूस त्याची," आई म्हणायची आणि जुडी झटकायची.

आठ घरांत ग बसतो. र सहज बसतो. पण क्ष? पण ज्ञ? इ चं पोट मोडायचं, झ चा पाय बाहेर यायचा. एकेका अक्षरावर मी आठवडे घालवले आणि सरांनी एकेकावर काट मारली. "हा भ आहे की म ला सर्दी झाली आहे?" असं बोलायचे. मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी नवा भ आणून त्यांच्यापुढे आपटला.

आणि मग ती दुपार. वरची आडवी ओळ मी प्रत्येक अक्षराला या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण पेटवली होती. अक्षरं शेजारी शेजारी आली तर रेघ जुळेल की मध्ये फट राहील, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी बटणं दाबत गेले. एक अक्षर, दुसरं, तिसरं. आणि टीव्हीवर शिरोरेखा धावत गेली, अखंड, मंडईत केळीच्या घडांसाठी दोरी ताणावी तशी, आणि तिला अक्षरं लटकली. मराठी. ज्या काचेवर आम्ही दिल्लीच्या बातम्या बघायचो, त्या काचेवर माझ्या हातचं मराठी.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि जिन्यातून खाली हाक मारली. सगळे तांबट वर आले, काळे हात मागे बांधून. दादा टीव्हीच्या अगदी जवळ गेले, नाक लागेल इतके. म्हणाले, "हे आमचंच काम की. भांड्यावर नाव घालतो आम्ही, ते असंच. ठिपक्याला ठिपका." आणि माझ्याकडे वळून, "पोरी, पण तुझ्या कामाला हातोडा कुठाय?"

*

पुढचं मी इतक्यांदा इतक्या लोकांना सांगितलं आहे, की आता ते पाठ केल्यासारखं होतं. एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन होतं. सरांनी टीव्ही, मशीन सगळं नेलं. लोकांची ही गर्दी. मराठी अक्षरं बघून माणसं तोंडात बोटं घालत होती, सरांचे हात हातात घेत होती. टेबलावर पाटी होती, तिच्यावर क्लासचं नाव. माझं नव्हतं. मला सरांनी भिंतीजवळ उभं केलं होतं, वायरवर कुणाचा पाय पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात सरांशी भांडले. खालचे हातोडे थांबले, इतका माझा आवाज. शेवटी म्हटलं, "नाव नाही तर नाही, माझी अक्षरं मला द्या." त्यांनी दोन दिवसांनी एक कॅसेट हातात ठेवली. मी जिना उतरले ती पुन्हा चढले नाही.

पुढे धंद्यात पडल्यावर, मॉडेल कॉलनीतल्या एका घरातून मी तसंच मशीन मिळवलं. तेच मॉडेल, तीच रबरी बटणं. कॅसेट लावली. शिट्टी वाजली, करकर वाजली, आणि पडद्यावर काही म्हणजे काही आलं नाही. दहा वेळा लावली. टेपरेकॉर्डर बदलला. काही नाही. त्या दिवशी मला कळलं, की सरांनी मला फसवलं. नाव तर दिलंच नाही, वर बिघडवलेली कॅसेट दिली. तेव्हापासून कसब्यात जायचं तर मी ती गल्ली सोडून जाते. कुणी सरांचं नाव काढलं की माझं सुरू होतं. माझी मुलगी तर म्हणते, "आई, आता तू झोपेतपण त्यांच्याशी भांडतेस."

*

तर तो चौकोन लुकलुकत होता आणि प्रफुल माझ्याकडे बघत होता. "काकू? पाणी देऊ का?"

मी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "तो टीव्ही पाहिजे ना तुला?"

"काहून नाही? किती घ्याल?"

"पैसे नकोत. माझी एक कॅसेट आहे. ती या तुझ्या राजाकडून वाचून दाखव. टीव्ही उचल आणि जा."

त्याला वाटलं, फार स्वस्तात सुटलो. रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही बसलो. कॅसेट कपाटात, आईच्या फोटोमागे होती. बुरशी पुसली, फीत पेन्सिलीनं घट्ट केली, टेपरेकॉर्डर पाटीला जोडला. शिट्टी, करकर, आणि पडदा कोरा. पुन्हा लावली. कोरा.

"बघितलंस?" मी उसळले. "मी सांगत होते! सगळ्या पुण्याला सांगत होते! बिघडवूनच दिली त्या माणसानं!"

"थांबा ना, काकू. ओरडून कॅसेट नाही वाचत." त्यानं आपल्या मशीनवर दोन ओळींचं काहीतरी लिहिलं आणि ते एका नव्या कॅसेटवर भरायला लावलं, टेपरेकॉर्डर ठीक आहे की नाही बघायला. शिट्टी वाजली.

माझा राग तिथेच थांबला. "ही नाही."

"काय नाही?"

"ही शिट्टी नाही. ही उतरलेली आहे. आमची वर होती."

"असं कसं असेल? याचा वेग पुस्तकातल्यासारखा आहे. एका टिंबाचाही फरक नाही."

"तुझ्या पुस्तकाला काय करू मी? रोज दुपारी ऐकलीय ती शिट्टी. माझ्या कानाला तू शिकवू नकोस."

मग त्यानं माझी कॅसेट पार सुरुवातीला नेली आणि पाटीची वायर काढून नुसतीच वाजवली. शिट्टीच्या आधी काही क्षण टेपरेकॉर्डरचा स्वतःचा माइक उघडा राहिला होता; वायर खोचायच्या आधीच कुणीतरी बटण दाबलं असणार. आधी खरखर. मग लांबवर एक हातोडा, एकच, शेवटचा. मग बशी खाली ठेवल्याचा आवाज. आणि मग, माझ्या दुकानात, माझ्या त्या जुन्या स्पीकरांच्या ढिगाऱ्यात, सरांचा आवाज.

"थांबा हो, एक मिनिट!"

मी तोंडावर हात ठेवला. बाहेर रिक्षा जात होत्या, आणि आत कसब्यातली एक दुपार चहासाठी थांबली होती. लगेच खटकन वायर खोचल्याचा आवाज, आणि शिट्टी. चढी. आमची.

"हा माणूस असाच बोलायचा?" प्रफुलनं विचारलं. "म्हणजे आवाज बारीक नाही झाला ना? घाईघाईत बोलल्यासारखा?"

"नाही. असाच. तसूभर फरक नाही."

"मग टेप बरोबर पळतेय!" तो स्टुलावरून उठलाच. "टेप जोरात असती तर माणसाचा आवाजही चढला असता. माणूस बरोबर आणि शिट्टी चढी, म्हणजे तुमचं मशीनच जोरात पळत होतं, काकू. त्याचा ठेकाच वेगळा होता." तो लॅपटॉपवर हिशेब करू लागला, आणि एकदम हसत सुटला. "कोणी दुरुस्त केलं होतं का ते?"

आणि मला आठवलं. एका उन्हाळ्यात मशीन मेलं होतं. सरांनी ते बुधवार पेठेतल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेलं आणि आठवड्यानं ते परत आलं, ते अंगात वारं भरल्यासारखं. चेंडूच्या खेळातला चेंडू कुणाच्या हाताला लागेना. आम्ही म्हटलं, काय दुरुस्त केलंय गड्यानं! जुन्या कॅसेटी वाचेनात, त्या उन्हानं गेल्या असं समजून आम्ही सगळं नव्यानं भरलं.

प्रफुलनं समजावलं ते असं. मशीनच्या पोटात एक स्फटिक असतो, क्रिस्टल. त्याच्या थरथरण्यावर सगळं चालतं. त्या मॉडेलमध्ये अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या मापाचा क्रिस्टल होता. तो इथे कुठून मिळणार? दुरुस्तीवाल्याकडे आपल्या इकडच्या रंगीत टीव्हीचा होता, त्यानं तोच डाग देऊन बसवला. मशीन चाललं. फक्त जवळजवळ पावपट जास्त वेगानं चाललं. त्यावर भरलेली कॅसेट त्याचीच त्याला वाचता यायची. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मशीनला ती नुसती करकर.

"मग आता ते मशीन कुठून आणायचं?" मी म्हटलं. "ते तर कधीच मोडीत गेलं असेल."

"आणायचं कशाला?" प्रफुल म्हणाला. त्यानं एक आकडा खोडला आणि दुसरा लिहिला. "या पाटीला सांगायचं, की बाई, तू ते बुधवारात दुरुस्त झालेलं मशीन आहेस."

मी आयुष्यात पुष्कळ मशीनं बघितली. ट्रकनं आणली, किलोनं विकली. पण त्या नखाएवढ्या काळ्या चौकोनाकडे मी बघत राहिले. त्यात तो डबा होता, इतपत मी मान्य केलं होतं. आता त्यात एका माणसाची चूकही जशीच्या तशी आली होती. कोण कुठला तो टीव्हीवाला, त्यानं दुपारच्या घाईत पुढ्यातल्या डबीतून उचललेला चुकीचा तुकडा. ती चूक आत गेल्याशिवाय माझी अक्षरं बाहेर येणार नव्हती.

पाटीची वायर पुन्हा जोडली. कॅसेट लावली. शिट्टी वाजली, आणि या वेळी पडद्याच्या कडेनं पट्टे धावायला लागले. करकर सुरू झाली, लांबली, थांबली. वर एक ओळ आली, इंग्रजीत, क्लासचं नाव. आणि खाली शिरोरेखा निघाली. अ. आ. इ, पोट न मोडलेली. एकेक अक्षर थोडं थांबून, ओल्या पाटीवर पेन्सिल उमटावी तसं उमटत गेलं. मी मंडईच्या ओट्यावर बसून काळं केलेलं एकेक घर. मेथीचा वास आला. खोटं सांगत नाही, आला.

प्रफुल हळूच म्हणाला, "काकू, हे तुम्ही केलं? सतराव्या वर्षी?"

"नाहीतर कुणी?" मी म्हटलं.

मग तो म्हणाला, की असल्या मशीनांचं वेड असलेली माणसं जगभर आहेत, ती सगळं फुकट एकमेकांना देतात. हे बुधवारातलं मशीन आणि ही अक्षरं तोही तिथे ठेवणार. "पण सोबत नावं लिहावी लागतात. कोणाचं काय, ते. काय लिहू?"

"माझं लिही," मी म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. इतकी वर्षं मी सांगतच तर होते. मी सांगून भागलं असतं, तर केव्हाच भागलं असतं. मला ते त्यांच्या तोंडून पाहिजे होतं.

"पाटी गुंडाळ," मी म्हटलं. "टीव्ही घे. कसब्यात जायचंय."

*

तांबटांच्या कारखान्याच्या जागी आता लिफ्टची इमारत आहे. गल्लीच्या टोकाला एक-दोघं अजून ठोकतात. ऐकू येतं, पण पायाखाली लागत नाही. सर तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहतात, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या सुनेनं दार उघडलं. मी काही बोलायच्या आत, आतून कोरडा आवाज आला.

"मंडईवाल्या आल्यात वाटतं."

"कशावरून?" मी तिथूनच विचारलं.

"लिफ्टवाल्याशी भांडलात, ते इथपर्यंत ऐकू आलं. या."

सर खुर्चीत होते. खांदे आत गेलेले, चष्मा जाड झालेला, भुवया तशाच. प्रफुलनं नमस्कार केला आणि बोलण्यात न पडता टेबलावर टीव्ही मांडायला घेतला. माझं सुरू झालं. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण निघालं भलतंच.

"तुम्ही मला बिघडलेली कॅसेट दिली, असं मी सगळ्यांना सांगत होते."

"माहीत आहे. मलाही तिघांनी येऊन सांगितलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आपण विचारायला आला नाहीत. मी बिनविचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शाळेतही देत नसे."

पडद्यावर शिरोरेखा धावली. सर खुर्चीत पुढे सरकले, मग उठले, टेबलाची कड धरून टीव्हीपाशी गेले. नाक लागेल इतके जवळ. त्या काचेचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला आणि त्यात माझी अक्षरं उलटी दिसायला लागली. प्रफुलनं क्रिस्टलची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मान हलवली, पण नजर काढली नाही.

"तेच मशीन," ते शेवटी म्हणाले. "थांबण्याची तीच ढब. हे कसं झालं?"

"यातल्या तारा त्याच्यासारख्या जुळल्यात, सर," प्रफुल म्हणाला.

"अद्भुत आहे." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "प्रदर्शनात माझं नाव नव्हतं."

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता एखादं टोचरं वाक्य येणार, आणि मी दोन तयार ठेवली होती.

"नव्हतं," ते म्हणाले. "घालायला हवं होतं. लोक माझा हात हातात घेत होते, ते मला फार आवडलं होतं."

माझी दोन्ही वाक्यं वाया गेली.

प्रफुलनं लॅपटॉप उघडला. "सर, नावं लिहायची आहेत सोबत. सगळ्यांना दिसतील अशी. काय लिहू?"

सर ताठ उभे राहिले, फळ्यापुढे उभे राहायचे तसे. "लिही. मशीन माझं. चूक टीव्हीवाल्याची." आणि माझ्याकडे बोट करून, "अक्षरं हिची." मग माझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट, एकही काना न विसरता. प्रफुलनं ते टाइप केलं आणि मी ते लॅपटॉपवर उमटताना पाहिलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी धगधगत होते, ते दोन शब्दांत झालं होतं, आणि मला पुढे काय करायचं ते कळेना.

सरांनी पुन्हा पडद्याकडे नाक नेलं. "ळ मात्र वाकडा आहे," ते म्हणाले.

"काय?"

"ळ. डावं पोट मोठं, उजवं लहान. तेव्हाच सांगितलं होतं मी तुला."

"आठ घरं आहेत!" माझा आवाज चढलाच. "मधल्या काडीला एक गेलं, उरली सात! सातात दोन पोटं सारखी कुठून करू? करून दाखवा तुम्ही!"

"काडी दोन घरांची घे."

"मग ती काडी राहते का? खांब होतो त्याचा!"

"कागद आण. चौकटीचा आण."

"काकू," प्रफुल दारापाशी टीव्हीचं रिकामं खोकं धरून म्हणाला, "निघायचं का?"

"तू बस रे," मी म्हटलं. सरांनी कागदावर घरं पाडायला घेतली होती आणि चुकीची पाडत होते. मी पेन्सिल ओढली, त्यांनी ती परत ओढली. सूनबाई चहाचे कप घेऊन आल्या त्या आमचे आवाज ऐकून दारातच थांबल्या.

"बाबा, भांडताय की काय तुम्ही?"

"हो," सर म्हणाले, मान वर न करता. "चहा तिथे ठेव. आम्हाला वेळ लागेल."